लिहून घेणाऱ्याचं काम



ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान आहे ते गुरुजी शाळेत मराठी शिकवायचे आणि सप्ताहात पेटीवर बसायचे. त्यांच्या स्मृतीसाठी बोलायचं तर भाषा आणि गाणं दोन्ही ज्यात आहेत असा विषय हवा, असं मी संयोजकांना म्हटलं. त्यांनी ते मानलं. म्हणून आजचा विषय संगीतावर लिहिणाऱ्या पत्रकाराचा. आणि त्यातही, जो पुढे कलावंतांच्या आठवणी लिहून घेतो त्याचा. आत्मचरित्राच्या मुखपृष्ठावर कलावंताचं नाव ठळक छापलेलं असतं. आत दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक टाइपात ‘शब्दांकन’ असं लिहून आणखी एक नाव असतं. कधी तेही नसतं. या बारीक टाइपातल्या माणसानं नेमकं काय केलेलं असतं? त्याच्याशिवाय ते पुस्तक झालं असतं का? आणि जिथे असा माणूस पोचलाच नाही, तिथल्या कलावंतांचं काय झालं? या तीन प्रश्नांभोवती मी बोलणार आहे. तिसरा प्रश्न आपला आहे, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा आहे. त्यामुळे त्याला जास्त वेळ ठेवला आहे.

मी स्वतः बरीच वर्षं वर्तमानपत्रांतून गाण्यावर लिहिलं. आसनगावहून लोकल धरायची, रात्री मैफल ऐकायची, शेवटची गाडी चुकली तर कचेरीतच मजकूर लिहून पहाटेच्या गाडीनं परत यायचं. काही कलावंतांच्या आठवणीही लिहून घेतल्या. तेव्हा आज जे सांगतो आहे ते थोडं वाचलेलं आहे आणि थोडं हातानं केलेलं आहे.

पहिली गोष्ट अशी, की हे काम आपल्याकडे नवं नाही. लोकांना वाटतं, नट-गायकांची आत्मचरित्रं ही अलीकडची हौस. पण मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ कोणता? लीळाचरित्र. तेराव्या शतकातलं. ते म्हाइंभटांनी कसं लिहिलं? महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभट एकेका माणसाकडे गेले. ज्यानं स्वामींना पाहिलं, ज्याच्याशी स्वामी बोलले, त्याला विचारलं, ते लिहून घेतलं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं. स्वामी कुठे बसले, काय खाल्लं, कुणाला काय म्हणाले, एवढं बारीक. म्हणजे मराठी गद्याची सुरुवातच मुळी ऐकून लिहिण्यात आहे. आणि परंपरा असंही सांगते, की पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा उतरवून घेतली; म्हणून तिचे वेगवेगळे पाठ आज मिळतात. लिहून घेणाऱ्याची एवढी थोर परंपरा ज्या भाषेला आहे, तिनं त्याला बारीक टाइपात का ठेवावं?

दुसरी गोष्ट संगीतावरच्या पत्रकारितेची. कलावंताच्या आठवणी लिहून घ्यायला बसणारा माणूस आकाशातून पडत नाही. आधी तो वर्षानुवर्षं श्रोत्यांत बसलेला असतो. मराठीत या कामाची वाट ज्यांनी घातली त्यांतले एक केशवराव भोळे. अमरावतीचे. वैद्यकीच्या शिक्षणासाठी मुंबईला आले आणि गाण्यानं त्यांना धरून ठेवलं. पुढे ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ यांसारख्या चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं, ते आपल्याला माहीत असतं. पण त्याआधी ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या नावानं त्यांनी आपल्या काळातल्या गवयांवर लेख लिहिले. ते लेख आज वाचले तरी गवई समोर बसल्यासारखा वाटतो: त्याचा आवाज कसा लागतो, तो तान कुठून उचलतो, समेवर येताना त्याच्या चेहऱ्याचं काय होतं. तोवर गाण्याबद्दल लिहिणं म्हणजे एक तर शास्त्र सांगणं, नाही तर ‘बुवांनी मैफल जिंकली’ असं लिहून मोकळं होणं. भोळ्यांनी तिसरी वाट दाखवली. कानानं ऐकलेलं वाचणाऱ्याला ऐकू यावं असं लिहिणं.

त्यांच्याच पिढीचे प्रा. बी. आर. देवधर. मुंबईत त्यांनी संगीताची शाळा काढली, कुमार गंधर्व त्यांचेच विद्यार्थी. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’ हे मासिक १९४७ साली निघालं, ते देवधरांनी अनेक वर्षं सांभाळलं. मोठमोठे उस्ताद आणि पंडित त्यांच्या शाळेत येत, बसत, बोलत. देवधर ऐकत, आणि ते मनात साठवून लिहीत. ‘थोर संगीतकार’ हे त्यांचं पुस्तक त्या ऐकण्यातून आलं. नीट पाहिलंत तर देवधर अजून शब्दांकनकार झालेले नाहीत; लेखणी त्यांची आहे, ‘मी’ त्यांचा आहे. पण उस्तादांच्या तोंडचे किस्से, त्यांच्या बोलण्याची ढब, त्यांचा रुसवा, हे सगळं त्यांनी जपलेलं आहे. पत्रकार आणि शब्दांकनकार यांच्यामधली ही पायरी आहे. ही चढल्याशिवाय पुढची चढता येत नाही.

आता पुढच्या पायरीवर या. ‘मी’ हा शब्द लिहिणाऱ्याचा राहत नाही, सांगणाऱ्याचा होतो.

अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली वारले. जयपूर-अत्रौली घराण्याचे ते प्रवर्तक. शाहूमहाराजांच्या आश्रयानं कोल्हापुरात राहिले, पुढे मुंबईत. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या. त्यांचं चरित्र गोविंदराव टेंब्यांनी मराठीत लिहिलं. टेंबे स्वतः पेटीवादनात नावाजलेले, ‘माझा संगीत व्यासंग’ या पुस्तकाचे लेखक, खाँसाहेबांचा सहवास लाभलेले. पण म्हातारपणी खाँसाहेबांनी आपल्या आठवणी स्वतः सांगितल्या आणि त्या उर्दूत लिहून घेतल्या त्यांच्या नातवानं, अझीझुद्दीनखाँ यांनी. त्या वह्या कितीतरी वर्षं घरात होत्या. इंग्रजीत पुस्तक होऊन त्या बाहेर आल्या तेव्हा २००० साल उजाडलं होतं. विचार करा. त्या काळात कोल्हापूरच्या त्या घरावर एखादा पाऊस जोरात कोसळला असता, एखादी पेटी वाळवीनं खाल्ली असती, तर? नातवानं लिहून घेतलं आणि नातवानंच जपलं, म्हणून ते आज आहे.

त्या आठवणींत काय आहे? रागांचं शास्त्र फार नाही. आहेत ती माणसं, दरबार, प्रवास, वाडवडील. आमलेट्याच्या दरबारात रोज तासन्‌तास गाऊन आवाज बसला, तो पूर्वीसारखा परत आलाच नाही, आणि मग त्या बसलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, ही हकिगत तर गाणारे लोक आजही एकमेकांना सांगतात. केवढी मोठी गोष्ट आहे ही! ज्या गायकीला आपण बुद्धीची, डौलाची, पेचदार गायकी म्हणतो, तिच्या मुळाशी एका तरुण माणसाचा गेलेला आवाज आहे. हे कुठल्या ग्रंथावरून कळलं असतं? सांगणारा होता आणि घरात एक लिहून घेणारा होता, म्हणून कळलं.

घरच्या माणसानं लिहून घेण्यात एक जमेची बाजू असते आणि एक अडचण असते. व्ही. शांताराम यांचं ‘शांतारामा’ हे आत्मचरित्र त्यांच्या कन्येनं, मधुरा जसराज यांनी शब्दांकित केलं. मुलीला वडिलांचा आवाज जन्मापासून पाठ असतो. कुठे थांबतात, कशावर चिडतात, कुठली आठवण निघाली की गप्प होतात, हे तिला सांगावं लागत नाही. पण वडील मुलीपुढे सगळं सांगतील का? आणि मुलगी सगळं विचारील का? माझं मत असं आहे, की घरचा माणूस जपणूक उत्तम करतो. विचारणं मात्र परक्याला जास्त जमतं. म्हणून मी आता परक्या माणसाच्या कामाकडे येतो, आणि तिथे थोडा रेंगाळणार आहे.

हंसा वाडकर. मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा. घराणं कलावंतिणींचं. घरात पैसा संपला आणि वयाच्या तेराव्या वर्षी, १९३६ मध्ये, ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटात ती पोर उभी राहिली. घराण्याचं नाव पडद्यावर जायला नको म्हणून नाव बदललं. ‘संत सखू’ मध्ये ती संत झाली, ‘रामजोशी’ मध्ये नाचणारी झाली. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी तो पाहिला असेल. पडद्यावर एवढं यश. आणि पडद्यामागे लग्न, दारू, घरातून निघून जाणं, पुन्हा परतणं, फसवणूक, बाईपणाची होणारी लूट. हे सगळं त्या बाईनं सांगितलं. कुणाला? एका तरुण बातमीदाराला. त्याचं नाव अरुण साधू.

पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे, नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले अरुण साधू आपल्याला माहीत आहेत. पण त्या वेळी ते पंचविशीच्या आसपासचे, ‘माणूस’ साप्ताहिकात लिहिणारे पत्रकार होते. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’मध्ये हंसाबाईंचं आत्मकथन क्रमशः आलं आणि १९७० साली ‘राजहंस’नं ते पुस्तक म्हणून काढलं. पुढच्याच वर्षी, १९७१ च्या ऑगस्टमध्ये, हंसाबाई वारल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. एक वर्ष इकडेतिकडे झालं असतं, साधूंनी ‘पुढे बघू’ म्हटलं असतं, बाईंनी ‘तब्येत बरी झाली की बसू’ म्हटलं असतं, तर मराठीतलं एक धाडसी आत्मकथन आपल्याला मिळालंच नसतं. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ हा चित्रपट केला, स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे पुस्तकाचं इंग्रजीत भाषांतर झालं. एका बाईच्या बोलण्याचा एवढा लांबचा प्रवास.

आता त्यात साधूंनी काय केलं? मला वाटतं, त्यांचं मोठेपण त्यांनी जे केलं नाही त्यात आहे. त्यांनी बाईंच्या तोंडी साहित्यिक वाक्यं घातली नाहीत. बाईंना पश्चात्ताप करायला लावला नाही. बाईंना देवीही केलं नाही. बाई बोलता बोलता मागे जातात, पुढे येतात, एखादी भयंकर गोष्ट दोन वाक्यांत सांगून पुढे सरकतात; तिथे लेखकाला केवढा मोह होतो ती फुलवून लिहायचा! साधूंनी ती दोन वाक्यांतच ठेवली. ते पुस्तक हातात घ्या आणि मोठ्यानं वाचा. डोळ्यांपुढे साधू येत नाहीत, बाई येतात. ज्या माणसाकडे पुढे दोन-तीन मोठ्या कादंबऱ्या लिहिण्याची ताकद होती, त्यानं आपली सगळी ताकद एका बाईला बोलू देण्यासाठी बाजूला ठेवली. कितीजणांना जमेल हे?

आणि मला आणखी एक वाटतं. साधूंच्या कादंबऱ्यांत शहराचे इतके वेगवेगळे आवाज ऐकू येतात, मंत्री बोलतो तो मंत्र्यासारखा आणि टॅक्सीवाला बोलतो तो टॅक्सीवाल्यासारखा, त्याची तालीम त्यांना अशा ऐकण्यातून मिळाली असली पाहिजे. दुसऱ्याचं लिहून दिल्यानं लेखक लहान होत नाही. त्याचा कान मोठा होतो.

दुसरं उदाहरण दादा कोंडके. ‘एकटा जीव’. शब्दांकन अनिता पाध्ये यांचं. अनिता पाध्ये चित्रपटपत्रकार. दादा गिरणगावातल्या नायगावात वाढलेले, बँडमध्ये वाजवलेले, सेवादलाच्या कलापथकात घडलेले, ‘विच्छा माझी पुरी करा’ गाजवलेले, ‘सोंगाड्या’पासून एकामागून एक चित्रपट चालवलेले. त्यांच्या चित्रपटांची गाणी आपल्या लग्नांच्या वरातीत अजून वाजतात. पण हसवणाऱ्या त्या माणसाच्या आत काय आहे हे लोकांना कुठे माहीत होतं? १९९८ मध्ये दादा गेले. जे सांगायचं होतं ते त्यांनी पाध्यांना सांगितलं होतं. त्यात कडू आहे, लोकांची नावं घेऊन केलेल्या तक्रारी आहेत, एकटेपण आहे. शब्दांकनकाराची अशा वेळी खरी परीक्षा असते. सांगणारा रागानं बोलतो; तो राग छापायचा की गाळायचा? माझं उत्तर असं: राग छापायचा, कारण तो त्याचा आहे, पण सांगणाऱ्याला तो भाग पुन्हा वाचून दाखवायचा आणि विचारायचं, ‘हे राहू द्यायचं ना?’ पुन्हा वाचून दाखवणं हा या धंद्याचा धर्म आहे. जो हे चुकवतो त्याच्या हातून पुस्तक होतं, काम होत नाही.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं, थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९३८ साली ॲलन लोमॅक्स नावाच्या संग्राहकानं जॅझचा एक पियानोवादक, जेली रोल मॉर्टन, याला वॉशिंग्टनच्या मोठ्या सरकारी ग्रंथालयात पियानोसमोर बसवलं आणि ‘सांग’ म्हटलं. तो वाजवत वाजवत बोलला, बोलत बोलत वाजवलं, ते सगळं तबकड्यांवर उतरलं, आणि १९५० मध्ये त्याचं पुस्तक झालं. मॉर्टन तर १९४१ लाच गेला होता. अ‍ॅलेक्स हेली या पत्रकारानं १९६२ मध्ये माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवाल्याची गाजलेली मुलाखत घेतली. त्याच हेलीनं पुढे कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याचं आत्मचरित्र लिहून घेतलं, ते माल्कम एक्सच्या हत्येनंतर त्याच वर्षी, १९६५ मध्ये बाहेर आलं. बघा, देश वेगळा, भाषा वेगळी, पण घड्याळ तेच. सांगणाऱ्याचं आयुष्य आणि लिहून घेणाऱ्याची सवड यांची शर्यत.

आणि आता तिसऱ्या प्रश्नासाठी आपण माळशेज घाटाकडे येऊ.

मुरबाडवरून घाट चढून गेलं की जुन्नर तालुका लागतो आणि तिथून नारायणगाव. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तिथल्या. फडावर नाचता नाचता कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही त्यांची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव झाला, आणि २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा हाती काही नव्हतं. त्यांच्या आयुष्यावर योगीराज बागूल यांनी पुस्तक लिहिलं. म्हणजे घाटाच्या वरच्या बाजूला कुणीतरी पोचलं. घाटाच्या खाली?

घाटाच्या खाली आपण आहोत. मुरबाडला म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, बैलांचा बाजार भरतो, दूरदूरचे लोक येतात. आपल्याकडे ठाकरांचा कांबडनाच आहे, गौरीचा नाच आहे, कातकऱ्यांची गाणी आहेत, आगरी-कुणब्यांच्या लग्नांतली धवळ्यांची परंपरा आहे, गावोगावी काकडा आणि हरिपाठ म्हणणारे, पखवाज वाजवणारे आहेत. धवळे म्हणजे काय थोर वारसा! म्हाइंभटांच्याच काळात महदंबेनं धवळे रचले, मराठीची ती पहिली कवयित्री. आणि धवळे गाऊन लग्न लावणारी बाई आपल्या या ठाणे जिल्ह्यात आमच्या लहानपणीही होती. सातशे वर्षांहून जुना धागा आहे हा, आणि तो आपल्या अंगणातून गेलेला आहे.

या भागावर कुणी काहीच लिहिलं नाही असं मी म्हणणार नाही. ते अन्यायाचं होईल. शेजारच्या बदलापूरवर ना. गो. चापेकरांनी १९३३ मध्ये ‘बदलापूर’ हा ग्रंथ लिहिला. एका गावाचा एवढा बारकाईनं केलेला अभ्यास मराठीत दुर्मिळ आहे. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतल्या ठाकरांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो १९६० साली प्रसिद्ध झाला. सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्रभरच्या लोकगीतांचे खंडच्या खंड काढले. या सगळ्यांचे आपण ऋणी आहोत. पण एक गोष्ट राहून गेली. गाणी गोळा झाली, गाणारे गोळा झाले नाहीत. चालीरीती लिहिल्या गेल्या, पण ती चाल ज्या बाईनं साठ वर्षं चालवली तिचं आयुष्य लिहिलं गेलं नाही. कॅसेटचा जमाना आला तेव्हा आपल्या वाड्या-पाड्यांवरच्या चाली मुंबईला गेल्या, आणि वेष्टनावर गीताच्या पुढे छापलं गेलं, ‘पारंपरिक’. त्या एका शब्दामागे किती माणसं पुसली गेली? तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो, भातसा देतो, आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. गाण्याचंही आपल्याकडे तसंच झालं. मुंबई-पुण्याच्या कलावंताला शब्दांकनकार मिळतो. पाड्यावरच्या कलावंताला मिळतो तो सर्वेक्षण करणारा. सर्वेक्षणवाला विचारतो, ‘तुमच्यात लग्नात काय गातात?’ शब्दांकनकार विचारतो, ‘बाई, तुम्ही पहिल्यांदा कधी गायलात?’ दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

एक अनुभव सांगतो. शहापूर तालुक्यात भातसाच्या अंगाला एका गावात मी एका वृद्ध बाईंकडे गेलो होतो. लग्नात गाणाऱ्या. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांनीच तसं सांगितलं आहे. त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना धवळ्यातली मधली दोन कडवी सांगा म्हटलं. त्या सांगेनात. विसरल्या होत्या असं नाही. मधूनच म्हणायचं नसतं. हळदीपासून सुरुवात झाली की क्रमानंच पुढे जायचं. आणि ‘सांगणं’ त्यांना येतच नव्हतं, फक्त गाता येत होतं. मग सूप बाजूला ठेवलं, डोक्यावर पदर सारखा केला, आणि त्या पहिल्यापासून गायल्या. मधे सून येऊन चहा ठेवून गेली, तो गार झाला. त्या थांबल्या नाहीत.

गाणं झाल्यावर मी विचारलं, हे कुणाकडून घेतलं, कधी. आणि तेव्हा खरं आत्मचरित्र सुरू झालं. साल त्यांना एकही माहीत नव्हतं. पण धरणाचं काम सुरू झालं तेव्हा त्या किती मोठ्या होत्या, गाव उठलं तेव्हा अंगावर कोण होतं, आजीच्या मागे मागे लग्नांना जात त्या कशा शिकल्या, पहिल्यांदा एकटीनं लग्न लावलं तेव्हा घशाला कोरड कशी पडली, सासरच्यांनी आधी नको का म्हटलं आणि मग मानाचा नारळ घरात येऊ लागल्यावर तेच कसे बोलवायला येणाऱ्यांना पाट मांडू लागले, हे सगळं ओळीनं आलं. भातसाचं धरण हीच त्यांची कालगणना. धरणाआधीचं आणि धरणानंतरचं. सरकारी कागदात त्या विस्थापित कुटुंबातल्या एक व्यक्ती आहेत. लोकगीतांच्या संग्रहात त्या असत्या तर ‘एक वृद्ध स्त्री’ असत्या. त्या दुपारी माझ्यासमोर मात्र एक कलावंत बसली होती, जिला गुरू होती, रियाज होता, पहिली मैफल होती, प्रतिष्ठा होती, आणि उतारवयात कुणी शिकायला येत नाही ही खंत होती. अल्लादियाखाँसाहेबांच्या आठवणींत यापेक्षा वेगळं काय आहे?

पुढच्या खेपेला मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. एका जागी त्यांनी हात वर केला. धाकट्या जावेबद्दलचा मजकूर होता. तो काढायला सांगितला, काढला. दुसऱ्या जागी त्यांनी भर घातली: ज्या आजीकडून त्या शिकल्या तिचं माहेरचं नाव. ते राहिलं होतं आणि त्यांना ते हवंच होतं. आपलं नाव नको म्हणणाऱ्या बाईला गुरूचं नाव हवं होतं.

आता या सभागृहातल्या तरुण मंडळींशी थोडं बोलतो. मुरबाडच्या आणि शहापूरच्या महाविद्यालयातून आलेले विद्यार्थी मागे उभे आहेत, त्यांना बसायला जागा नाही याचं वाईट वाटतं, पण ते आहेत याचा आनंद जास्त आहे. तुमच्यापैकी काहींना पत्रकार व्हायचं असेल, लेखक व्हायचं असेल. त्यासाठी आधी मुंबईला गेलं पाहिजे असं तुम्हाला सांगितलं जाईल. जा, जरूर जा, मीही गेलो. पण ज्या कामानं अरुण साधूंचा कान तयार झाला ते काम तुमच्या आजीच्या पडवीत सुरू करता येतं. त्यासाठी पदवी लागत नाही. अझीझुद्दीनखाँजवळ वही होती. तुमच्या खिशात फोन आहे.

फक्त काम नीट करा. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास लागतात, त्याला कंटाळू नका आणि ते दुसऱ्याकडून उतरवून घेऊ नका. उतरवताना जे पुन्हा ऐकू येतं त्यातच पुढचे प्रश्न असतात. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, पाडा आणि सांगणाऱ्याचं नाव बोला. नाव नको असेल तर ‘नाव नको’ हेही बोला. एकाच वेळी सगळं विचारू नका. पहिल्या दिवशी फक्त गाणं ऐका. भाषा शुद्ध करू नका. आपल्या आजीची बोली पुस्तकात जशीच्या तशी आली तर पुस्तकाची शान वाढते. सांगणाऱ्याच्या दिवसाची मजुरी बुडत असेल तर ती द्या. पुढे पुस्तक झालं तर मानधनातला वाटा आधी ठरवा आणि लिहून द्या. मुखपृष्ठावर तिचं नाव असू द्या. आणि तुमचं नावही असू द्या, बारीक टाइपात नको. या धंद्यात लिहून घेणाऱ्यांनी फार काळ संकोच केला. त्या संकोचामुळे हे काम आहे हेच लोकांना कळलं नाही, आणि काम आहे हे न कळल्यामुळे ते करायला कुणी पुढे आलं नाही.

कुणाकडे जायचं, असं विचाराल. यात्रेला याल तेव्हा ढोल कोण वाजवतो ते बघा, त्याचं गाव विचारा. गौरी-गणपतीत पाड्यावर नाच धरणाऱ्यांत पुढे कोण असतो, सगळे पाय कुणाच्या पायाकडे बघून पडतात, ते बघा. सप्ताहाच्या काल्याला पखवाजावर बसलेल्या म्हाताऱ्या बुवांना, शाई कुठून भरून आणता, असं विचारून सुरुवात करा. वाजवणारा माणूस वाद्यापासून सुरुवात केली की मोकळा होतो. धवळे गाणाऱ्या बायका आता थोड्या राहिल्या आहेत. त्यांच्याकडे आधी जा. लग्नसराईच्या आत जा. लग्नं सुरू झाली की त्यांना बोलायला सवड नसते.

व्याख्यान संपल्यावर मी इथेच थांबणार आहे. ज्यांच्या घरात, शेजारात असं कुणी गाणारं-वाजवणारं आहे त्यांनी मला गाव आणि पाडा सांगून जावं. वही बरोबर आणली आहे.